दिलेली विधाने सत्य माना

जगातली प्रत्येक गोष्ट आधी नाकारायची आणि मग सवडीने समजून घ्यायची, असा माझ्या आत्याचा जन्मजात बाणा आहे. सुईणीने 'मुलगी झाली' म्हणून सांगितलं तेव्हा आत्याने पहिला टाहोसुद्धा 'कशावरून?' असाच फोडला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तिच्या दारावरून जाताना भलेभले घाईत असल्याचं सोंग करतात. कोळीण पापलेट दाखवून 'सकाळचीच हायत' म्हणाली की आत्या विचारणार, 'सकाळ खयची? आजची की कालची?' डॉक्टरांनी बीपी वाढल्याचं सांगितलं, तर हिने मशीन शेवटचं कोणी तपासलं ते विचारलं. मशीनमध्ये खोट नाही हे दाखवायला बिचाऱ्यांनी स्वतःचं बीपी मोजलं, तर ते हिच्यापेक्षा जास्त निघालं. तिचे यजमान गिरणीत होते आणि अत्यंत मुखदुर्बळ. उभ्या संसारात त्यांनी एकदाही कशाला हरकत घेतली नाही. दोघांच्या वाटणीच्या हरकती आत्याच घेत आली, आणि ते भिंतीवरच्या फोटोत गेल्यावरही त्या व्यवस्थेत बदल झाला नाही.

काळ्या कोटाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते बिल्डरच्या माणसामुळे. चाळीच्या सभेत तो बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "सर्व रहिवाशांची संमती आहेच." आत्या उठली. "सर्व म्हणजे माका धरून की माका सोडून?" त्याला ठसका लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "आत्या, तू वकीलच हो!" लोक हसले, पण आत्याने तो सभेचा ठराव मानला. पदवी होतीच. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि माझं ते सांगणं ऐकून कान किटले म्हणून पन्नाशीत मुक्त विद्यापीठातून दुसरी ग्रॅज्युएट झाली ती आत्या. लॉच्या प्रवेश परीक्षेला वयाची अट नाही हे कळल्यावर तिला रोखणारा एकच उरला, तिचा मुलगा. त्याने अट घातली, "आई, एकदाच परीक्षा द्यायची. नाही जमलं तर खोलीला कुलूप लावून वसईला माझ्याकडे यायचं, आणि पुन्हा कोर्टाचं नाव काढायचं नाही." वसईला सोळाव्या मजल्यावर बंद दारं आणि अबोल शेजारी. तिथे आत्या 'कशावरून?' विचारणार, तर कुणाला?

तर्कशक्तीची शिकवणी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच प्रश्नात आठ मित्र गोल टेबलाभोवती बसले होते आणि अ हा ब च्या शेजारी बसत नव्हता.

"कित्याक नाय बसत?" आत्या.

"ते दिलेलं नाही, आत्या. नुसतं बसव त्यांना."

"भांडणाचा कारण कळल्याबिगर पंगत कशी मांडू? उद्या ब उठून गेलो तर उरलेल्यांनी काय करूचा?"

दुसरा प्रश्न. सर्व वकील प्रामाणिक आहेत. काही प्रामाणिक लोक श्रीमंत आहेत. दिलेली विधाने सत्य माना. आत्याने पेन खाली ठेवलं. "दिली कोणी?" मी म्हटलं, परीक्षा घेणाऱ्यांनी. "मग त्येंका म्हणा, एक दिवस भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर उभे रवा." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण खऱ्याला तिथे गुण नव्हते. "आत्या, परीक्षेपुरतं मानायचं गं," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की समोरच्या खोलीतला पोपट ते म्हणू लागला. आणि खरंच, हळूहळू तिने आठ जणांना बसवलं, वकिलांना प्रामाणिक मानलं. एकाच प्रश्नापाशी गाडी अडली. फोटोकडे बोट दाखवून एक पुरुष म्हणाला, "ही माझ्या मामाची एकुलती एक मुलगी." तर ती त्याची कोण?

"बायको," आत्या क्षणात म्हणाली.

उत्तर मामेबहीण होतं. आत्या भडकली. "मामाच्या चेडवाचो फोटो पुरुष कित्याक दाखवता? स्थळ इला म्हणून! माझो फोटो नाय ह्येंनी असोच गिरणीत दाखवलेलो?" तिचं लग्न सख्ख्या आतेभावाशी झालेलं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आधी त्याचाच हक्क. तिने कुठून तरी कायद्याचं पुस्तक मिळवून माझ्यापुढे आपटलं. घराण्यात रूढी असेल तर असं लग्न कायदाही मान्य करतो, हे त्यात छापलेलं होतं. म्हणजे कायद्याला आत्याचं उत्तर मान्य, फक्त कायद्याच्या परीक्षेला अमान्य! पदवीधर असूनही मी पुन्हा पोपटाचंच वाक्य म्हटलं. "आणि वसईला जायचं असेल तर लिही बायको," असंही म्हटलं.

परीक्षेहून मी तिला टॅक्सीने घेऊन आले. टॅक्सीवाल्याने सांगितलेलं भाडं तिने 'कशावरून?' न विचारताच दिलं. शेवटी चाळीच्या जिन्यात म्हणाली, "इललो गो तो फोटोवालो प्रश्न."

"मग? काय उत्तर दिलंस?"

ती रेलिंग धरून वर चढत राहिली.

निकाल लागला आणि आत्याला कॉलेज मिळालं. चाळीत पेढे वाटले गेले, मुलगा वसईहून काळा कोट घेऊन आला, पोपटालाही पेढा मिळाला. मी रिकामं ताट परत द्यायला गेले तर आत्या भिंतीवरच्या फोटोपुढे पेढा ठेवून उभी होती. मी दारातच थांबले.

"परीक्षेपुरती तुमची भैण झालंय," ती हळू आवाजात सांगत होती. "मनाक लावून घेव नकात."

फोटोतल्या माणसाने नेहमीसारखीच हरकत घेतली नाही. आत्या मात्र बराच वेळ तिथेच उभी राहिली. एकदा तरी त्यांनी 'कशावरून?' म्हणावं, अशी वाट बघत.