भूमचे वाघ आणि लोहाऱ्याचं गवत

आमच्या मंडळाच्या वहीत फक्त विषय आणि हजेरी लिहितात. लक्षात राहिलं ते सगळं वहीबाहेरचं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उमरग्यातल्या एका कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये आम्ही सात-आठ जण जमतो. झाडं, जनावरं, पाणी आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसं, यांचा इतिहास हा आमचा विषय. मी इतिहासाचा मास्तर.

पहिल्या बैठकीला बाहेर बोर्ड लावला होता, 'पर्यावरणाचा इतिहास : चर्चा'. फेटा बांधलेले एक काका आले, दोन तास मन लावून ऐकत बसले. शेवटी म्हणाले, "समदं पटलं. रोपं कवा वाटणार?"

बॉटनीच्या बिराजदार सरांनी खिडकीतली तुळशीची कुंडी उचलून त्यांना दिली.

* * *

लॅबच्या कपाटात जुने नमुने आहेत. वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती, खाली लेबल. एका काटेरी झुडपाच्या लेबलवर होतं, 'स्थानिक नाव : गोत्तिल्ला'.

तीन महिने मी हे नाव कोशांत शोधलं. एका निबंधातही घातलं. लॅटिन नावापलीकडं बिराजदार सर लेबल वाचत नसत, म्हणून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. सर चष्मा काढून हसत सुटले.

"अहो, कुणीतरी सीमेवरच्या माणसाला झाडाचं नाव विचारलं असणार. तो म्हणाला, गोत्तिल्ला. म्हणजे माहीत नाही."

* * *

भूमकडचा एक जुना उर्दू कागद मला मिळाला. प्रत्येक गावानं बाजारच्या दिवशी 'शेर' हजर करावा, असा हुकूम. मी थक्क झालो. केवढे वाघ असतील त्या माळावर! अकरा पानांचा पेपर लिहून मंडळात वाचला.

जनावरांचे रिटायर्ड डॉक्टर शेख यांनी कागद हातात घेतला. "सर, शेर आन् शीर उर्दूत एकसारखंच लिहितात. शीर म्हणजे दूध."

"तुमची खात्री आहे?"

"दर आठवड्याला वाघ पुरवणारं गाव म्या तरी बघितलं न्हाय."

* * *

लोहाऱ्याकडच्या कोंडाबाईंना एकदा आम्ही बोलावलं. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. बिराजदार सर एकेक जुनं गवत पुढं ठेवत होते आणि बाई नाव सांगत होत्या. कोणतं मेंढरू आवडीनं खातं, कोणतं पोट फुगवतं, सगळं.

एका कागदावर त्या थांबल्या. वाकून वास घेतला. "ही पवन्या. आता कुठंच न्हाय."

ते गवत संपलंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"हिचं बी दिसतंया. दोन दाणं देता का?"

"आजी, नमुन्याला हात लावता येत नाही," सर म्हणाले. "आणि इतकं जुनं बी उगवत नाही."

"तुमी पेरून बघितलं व्हय?"

सर उठले. "चला, चहा सांगून येऊ," म्हणाले आणि आम्हा सगळ्यांनाच फाटकापर्यंत घेऊन गेले.

परत आलो तेव्हा बाई हात पदराखाली घेऊन तिथंच बसल्या होत्या. सरांनी न बघताच कागद मिटला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"चहा घ्या, आजी," ते म्हणाले.