पुसलेला ठिपका

माझ्या नणंदबाई दवाखान्यात एक्स-रे काढतात. दिवसभर लोकांची हाडं न्याहाळणाऱ्या बाईला उगाच भास होणार नाहीत, एवढं तरी त्या गॅरेजवाल्याला कळायला हवं होतं.

पण नाही! ताईंची ती थोराड, दोन्ही अंगांना सामानाचे खोके लावलेली लांबच्या प्रवासाची मोटारसायकल त्याने वाकून पाहिली, पोटाखालून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कोरडी ठणठणीत आहे, मॅडम. चेनला मारलेलं तेल उडालं असेल. असं करा, मिस्टरांना पाठवा."

"मिस्टर नाहीत. गिअरचं तेल गळतंय," ताई म्हणाल्या.

"मग भावाला पाठवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो भाऊ म्हणजे माझा नवरा. सायकलची उतरलेली चेन बसवायलाही दुसऱ्याला हाका मारतो!

रविवारी ताईंचा ग्रुप घाट उतरून समुद्राकडे निघणार होता. वर्षभर त्यांनी त्यासाठी सुट्ट्या राखल्या होत्या. आणि ग्रुपच्या म्होरक्याने बजावलं होतं, तेल मागच्या चाकावर आलं तर वळणावर गाडी घसरते; गळकी गाडी असेल तर घरीच थांबा.

घरी आल्यावर ताई फणफणल्या. "रात्री गाडीखाली तेलाचा ठिपका मी स्वतः बघते, सकाळी गायब! भूत चाटून जातं की काय?"

"भूत कशाला? मी पुसते ना," सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "फरशी पुसते, गाडीचं पोटही पुसते."

"आई!"

"ओरडतेस काय? सगळे टपलेत तुझी गाडी विकायला. तुझे बाबा सगळ्यात पुढे! ठिपका दिसला असता तर सोडलं असतं त्यांनी?"

आता यावर रागवायचं तरी कसं? म्हणून माझा उरलेला रागही मी गॅरेजवाल्याच्या खाती टाकला. गॅरेज कोपऱ्यावर, तिथवर गाडी तापतही नाही, मग तेल गळणार कसं? जरा तापवून बघायला काय जात होतं त्याचं?

दुसऱ्या दिवशी ताई लांबचा फेरा मारून गॅरेजात पोचल्या. मी आणि सासूबाई आधीच हजर. सासूबाईंनी उशीचा पांढरा अभ्रा गाडीखाली अंथरला आणि स्टूल ओढून बसल्या.

"आजी, धुळीत कशाला बसताय?"

"आजी कोणाची? खाली बघ तू."

टप्प. थोड्या वेळाने आणखी एक टप्प.

मग कुठे त्याने चेनच्या पुढच्या चक्राचं झाकण उघडलं. चक्रामागचं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. नवं बसवलं, तेल भरलं. माफीचा शब्द? छे! उलट आम्हालाच ज्ञान: "जुनं झालं की होतं असं, मॅडम."

शनिवारी सकाळी पाहते तर सासूबाई फडकं घेऊन पुन्हा गाडीखाली वाकलेल्या.

"आई, पुसू नकोस!" ताई दारातून किंचाळल्या.

"पुसायला ठेवलंय काय तुम्ही?" सासूबाई चिडूनच म्हणाल्या आणि कोरडं फडकं झटकत आत गेल्या.