मंगलकाकूंचं शेवयांचं मशीन आणि माझा चौरंग

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. फजिती एवढी लांबलचक आहे की तिचं टोकच सापडत नाही. आणि शेवट? शेवट तर अजून व्हायचाच आहे! तुम्ही चहा घ्या आणि ऐका. हसू नका. हसणारच, माहीत आहे मला.

आधी माझ्या मानेबद्दल सांगते. समोर माणूस आलं की माझे शब्द घशातच बसून राहतात आणि त्यांच्याऐवजी मान हलते. वर-खाली. आडवी कधीच नाही! आडवी हलवायला धाडस लागतं. वर्गात बाईंनी विचारलं, "समजलं का?" की मान वर-खाली. माझ्या गणिताची चौकशी कृपा करून करू नका.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या ताईचं लग्न ठरलं. मुलगा नेकनूरचा. रुखवतात प्रत्येकाने हाताने केलेलं काहीतरी ठेवायचं होतं. मामी मोत्यांची बदकं करणार होती. शेजारच्या मंगलकाकू शेवया करणार होत्या. आमच्या वडवणीत काकूंसारख्या केसागत बारीक शेवया कोणालाच जमत नाहीत.

आणि मी ताईच्या कानात म्हणाले, "मी चौरंग करीन."

ताईचे डोळे भरून आले. "खरंच? माझ्यासाठी? तुझ्या हातानं?"

मान वर-खाली. झालं! आता माघार नाही.

चौरंगाचा पत्ता नव्हता, पण त्याची पाटी मी आधीच केली. पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावला आणि पुढच्या कडेला वळणदार अक्षरात लिहिलं : "नवरीच्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या हाताने बनवले." काय बनवले, ते लिहिलं नाही. वर चौरंग ठेवल्यावर लोकांना दिसेलच की!

गफूरचाचा सुतारांनी दोन फळ्या रंधा मारून दिल्या, एक आडवी पट्टी दिली आणि डबीत पांढरा गोंद दिला. म्हणाले, "हे बघ बेटा, फळ्या शेजारी शेजारी ठिवायच्या, खालून पट्टी चिकटवायची. मंग शिकंज्यात आवळायचं अन् उद्या ह्या टायमापर्यंत हात न्हाई लावायचा. शिकंजा हाय ना घरी?"

शिकंजा म्हणजे लाकूड आवळून धरायचा लोखंडी क्लॅम्प. आमच्या घरी तो कुठून असणार? पण मान! वर-खाली.

घरी येऊन मागच्या पत्र्याच्या खोलीत मी गोंद लावला. कमी पडायला नको म्हणून अख्खी डबी लावली. एका टोकावर पाटा ठेवला. पण दुसरं टोक सारखं वर उचलायचं, कारण एक फळी जराशी वाकलेली होती. मी त्यावर बसले. पण किती वेळ बसणार? उद्या या वेळेपर्यंत?

तेवढ्यात आईने हाक मारली. "कोमल, आपल्या शेवया झाल्या. हे मशीन काकूला देऊन ये. त्यांचंच हाय, पण बिचारीनं आधी साऱ्या गल्लीला वापरायला दिलं."

मी मशीन उचललं आणि माझी नजर त्याच्या पायाकडे गेली. हे मशीन बाजेच्या कडेला कशाने बसवतात? खालचा स्क्रू पिळून! वर लोखंडी जबडा, खाली स्क्रू, मध्ये लाकूड. हा शिकंजाच नाही का? तुम्हीच सांगा! मला तर मोठा शोध लावल्यासारखं वाटलं.

मशीन काकूंकडे गेलंच नाही. ते माझ्या चौरंगाला लागलं. मी दोन्ही हातांनी स्क्रू आवळला. फटीतून गोंद भळाभळा बाहेर आला, जबड्यावर पसरला, स्क्रूच्या आट्यांमधून खाली उतरला. किती छान दाबलं गेलं, म्हणून मला आनंद झाला. आदल्या दिवशी मोबाईलवर चौरंगाचा व्हिडिओ बघितला होता, त्यातला माणूस मध्ये कागद घालायला सांगत होता खरा. पण तो कशासाठी, हे सांगायच्या वेळी नेमकी जाहिरात लागली होती.

थोड्या वेळाने काकू दारात आल्या. "का गं कोमल, मशीन रिकामं झालं का? पीठ मळून ठिवू का मी?"

मान वर-खाली.

तासाभराने काकू परत. हात पिठाने भरलेले. "अगं, कुठंय मशीन? तुझी आई अजून शेवया करायली का?"

खरं सांगायचं होतं हो! शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मान आधी हलली.

काकूंचा चेहरा उतरला. "मला पीठ मळायला लावलं अन् सोता करत बसली व्हय!"

आणि मग आमच्या दारातल्या नळावर काकूंची आणि आईची गाठ पडली. मी तिथेच घागर भरत होते.

"लगीनघर हाय म्हणून दुसऱ्याचं मशीन दाबून ठिवायचं का?"

"कोण दाबून ठिवायलंय? मी कवाच पाठवलंय कोमलच्या हातानं!"

"तीच म्हणली, तू शेवया करायलीस म्हणून!"

"माझी पोरगी? तिला बोलता तरी येतं का?"

एवढं बोलून आई एकदम थांबली. काकूही थांबल्या. दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मानेऐवजी काहीतरी दुसरं हलवलं, तेही या कामासाठी!

मे महिना, वर तापलेला पत्रा. गोंदाने उद्याची वाट बघितलीच नव्हती. आईने स्क्रू पिळला, काकूंनी पिळला, ताईने फडक्यात धरून पिळला. ढिम्म!

शेवटी गफूरचाचांना बोलावलं. त्यांनी आधी मशीन बघितलं, मग मला. "कावून गं बेटा? शिकंजा मागायचा की! माझ्या भिताडाला सहा लटकायलेत."

सहा! मी त्या भिंतीसमोरच तर उभी होते.

चाचा म्हणाले, "एकच वाचंल. मशीन न्हाईतर चौरंग. बोला."

काकू पिठाच्या हातांकडे बघत उभ्या होत्या. मी ताईकडे बघितलं. माझ्याकडे न बघताच ताई म्हणाली, "काकूचं मशीन वाचवा, चाचा."

चाचांनी करवत लावली, वरून हातोडा मारला. कडाड! फळी उभी फाटली, मशीन सुटलं. खरवडून, ठोकून त्यांनी स्क्रू मोकळा केला. मग तुकडे हातात घेऊन म्हणाले, "लाकूड फाटलं, पर तुझा जोड न्हाई सुटला. लई पक्कं चिकटवलंस बघ."

मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी. मी रडत होते.

काकूंनी त्याच संध्याकाळी त्या पिठाच्या शेवया केल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडताना आईची धांदल उडाली. माझा सोनेरी पुठ्ठा तिथे रिकामाच पडला होता. आईने काकूंच्या शेवयांचं ताट उचललं आणि त्यावर ठेवून दिलं!

ताईच्या सासूबाई आल्या. त्यांनी पाटी सावकाश वाचली. एक शेवई उचलून उजेडात धरली. "अगं बाई! इतक्या बारीक? ह्या तू केल्यास, पोरी?"

मंगलकाकू माझ्या मागेच उभ्या होत्या. मी मान धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला. देवाशप्पथ केला!

मान वर-खाली.

भरल्या मांडवात काकू काय बोलणार? त्यांनी फक्त तोंडाला पदर लावला.

हे झालं गेल्या वर्षी. परवा सासूबाईंचा फोन आला. "परीक्षा झाली ना? मंग पाठवा कोमलला. औंदा आमच्या शेवया तिच्याच हातच्या." मला शेवया येत नाहीत. पीठसुद्धा मळता येत नाही. आई म्हणाली, "तुझी मान, तूच निस्तर. जा, काकूला मशीन माग."

आज सकाळी गेले. काकू दारातच होत्या.

"मशीन पाहिजे?"

मान वर-खाली.

"कशाला गं? शेवया करायला का चौरंग करायला?"

सांगा, एका शब्दाचं तर उत्तर! तो शब्द मी घरून पाठ करून गेले होते. तोंडही उघडलं होतं.

मान वर-खाली झाली.

काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग गल्लीकडे तोंड करून ओरडल्या, "गफूरभाई, करवत काढून ठिवा हो!"