बत्तिशी आणि बोटीवरचा कारकून

बत्तिशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ज्या दोनशेएक माणसांना ती माहीत आहे त्यांच्यापुरतं तेच खरं. आपणही तिला तेच म्हणू. वय चौपन्न, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात. ती त्यावर मेणात दात बसवते, मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी भरते, घासते, चकाकवते आणि डबीत घालून पाठवून देते. ज्या तोंडात कवळी जायची ते तोंड तिने कधी पाहिलेलं नसतं. अठ्ठावीस वर्षांत हजारो माणसं तिच्या दातांनी जेवली असतील, हसली असतील, तावातावाने भांडलीही असतील. रस्त्यात समोर आली तरी तिला ओळखू यायची नाहीत. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

तिचा दुसरा उद्योगही असाच, न पाहिलेल्या माणसांसाठी. अकरा वर्षांपूर्वी टीव्हीवर एका फेरीबोटीची मालिका लागायची. ती फारशी चालली नाही, सव्विसाव्या भागानंतर गाशा गुंडाळला. शेवटच्या भागात बोटीवरचा तिकीट कारकून, ज्याच्या वाट्याला अख्ख्या मालिकेत चाळीस वाक्यंही आली नव्हती, सुट्टी टाकून एका अनोळखी घरासमोर जातो, दार वाजवायला हात वर करतो, आणि संपलं. दारामागे कोण, ते लिहिणाऱ्याने पोटातच ठेवलं.

बाकीच्या जगाने चॅनेल बदललं. दोनशे माणसांना मात्र चैन पडेना. त्यांनी इंटरनेटवर एक कट्टा उघडला आणि दारामागचं माणूस आपापल्या परीने लिहायला घेतलं. कुणी बायको उभी केली, कुणी जुना कप्तान. एका महाभागाने दारामागे दुसरं दार ठेवलं, आणि त्याला सगळ्यांनी मिळून असा धुतला की तो सहा महिने फिरकला नाही.

या कट्ट्यावर परवानगी मागायची पद्धत नाही. एकाने कारकुनाला सर्दी दिली की दुसरा त्याला रुमाल देतो, तिसरा तो रुमाल बोटीवर हरवतो आणि चौथा त्या रुमालावरून लग्न जुळवतो. कुणाचंही काहीही उचलावं, उलटं करावं, पुढे न्यावं. अट एकच. गोष्टीच्या डोक्यावर ‘अमक्याच्या अंगणातून’ अशी एक ओळ टाकायची. तेवढं केलं की चोरी माफ. पण जुन्या खोडांना ती ओळ दिसेनाशी झालेली असते. ती आहे हे माहीत असतं, वाचत कुणी नाही.

बत्तिशी तर सगळ्यात जुनं खोड. जेवणाच्या सुट्टीत, पॉलिशच्या मशिनशेजारी डबा एका हाताला आणि फोन दुसऱ्या हाताला ठेवून तिने एक्याऐंशी गोष्टी लिहिल्या होत्या. दारामागे तिने सगळ्यांना उभं करून पाहिलं. बहिणीला मात्र कधी नाही.

त्याचं कारण तिच्या घरात होतं. तिला एक भाऊ आहे, तीन वर्षांनी धाकटा. लहानपणी बोलताना त्याचा शब्द अडकायचा. तोंड उघडं, मान ताठ, आणि शब्द काही येत नाही. जेवताना वडील काही विचारायचे तेव्हा बत्तिशी टेबलाखालून हात घालून त्याचा अंगठा दाबायची, आणि शब्द सुटायचा. कसा ते देवाला ठाऊक, पण सुटायचा. मोठा झाल्यावर तो आपला अंगठा आपल्याच मुठीत धरायला लागला. मालिकेतला कारकूनही बोलण्याआधी तसंच करायचा. नटाची सवय असेल, पण बत्तिशीला त्या बोटीवर ओढून नेलं ते त्या मुठीने. त्याबद्दल मात्र आपण कधी एक अक्षर लिहिलं नाही, अशी तिची छातीठोक खात्री होती.

मालिकेच्या आदल्या वर्षी वडील गेले. चार महिने अंथरुणाला खिळून होते, उठबस सगळी बत्तिशी आणि थोरल्या ताईने केली. भाऊ दूरच्या शहरात, मधे एकदाच येऊन गेलेला. शेवटी तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दार बत्तिशीनेच उघडलं. तो पायरीवर बॅग घेऊन उभा. काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द अडकला. अंगठा मुठीत, तोंड उघडं. जिने जन्मभर त्याच्या शब्दासाठी थांबायचं ती त्या दिवशी थांबली नाही. म्हणाली, “राहू दे. आता काय बोलायचंय?” आणि दार लावलं.

दोघी बहिणी अजून एकाच घरात राहतात. तो दर वर्षी ताईच्या वाढदिवसाला ताईला फोन करतो. त्या दिवशी बत्तिशीला नेमकं बाल्कनीत काहीतरी काम निघतं. अशी बारा वर्षं गेली. तोंडाने ती म्हणायची, गरज त्याला असेल तर तो बोलेल. मनात काय होतं ते तिने ताईलाही सांगितलं नव्हतं, आणि ताईला ते सांगायची गरजही नव्हती.

तर एके दिवशी कट्ट्यावर खारवा नावाच्या नव्या माणसाची गोष्ट आली. बत्तिशीने पहिला घास घेता घेता ती उघडली आणि घास तसाच राहिला. त्या गोष्टीत कारकून लहानपणी अडखळत बोलतो. त्याची थोरली बहीण टेबलाखालून त्याचा अंगठा दाबते, आणि शब्द सुटतो. पुढे बहीण दुरावते, म्हणून तो स्वतःच अंगठा मुठीत धरतो. आणि मालिकेतलं ते दार तिचंच. गोष्ट दाराशीच थांबली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘ती दार उघडेल का, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा.’

टेबलाखालची ती गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. ताईलासुद्धा नाही. बत्तिशीने डब्याला झाकण लावलं.

त्या दुपारी तिने ऐंशी वर्षांच्या एका आजोबांच्या कवळीत विशीतल्या पोरीचे पांढरेशुभ्र दात बसवले. ती कामाला होती त्या लॅबच्या मालकांनी डबी उघडली आणि ते चष्मा वर करून पाहत राहिले.

“बाई, आजोबांचं लग्न ठरलंय का?”

“चुकलं. परत करते,” ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत तिला ‘चुकलं’ म्हणताना मालकांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि डबी तिच्याकडे सरकवली.

संध्याकाळी तिने ताईला आडून आडून विचारलं. “तो टीव्ही बघतो का गं?”

“कोण तो?” ताईने मुद्दाम विचारलं. टेलिफोन ऑफिसात जन्म घालवलेली बाई, समोरच्याकडून पूर्ण नाव काढून घेतल्याशिवाय जोडून देणार नाही.

“आपला धाकटा.”

“माहीत नाही बाई. आमचं बोलणं म्हणजे अर्धा वेळ मी गप्प, अर्धा वेळ तो अडकलेला. दर वेळी विचारतो मात्र, छोटीताई बरी आहे ना. मी म्हणते, बरी आहे, बाल्कनीत आहे.”

बत्तिशीच्या मनात सगळं पक्कं झालं होतं. फोनवर ज्याला बोलता येत नाही त्याने लिहायची वाट शोधली. कट्ट्यावरची तिची जागा शोधून काढली आणि पायरीवर येऊन उभा राहिला. आता दार उघडायची पाळी तिची.

चार दिवस तिने जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता लिहिलं. ब्याऐंशीवी गोष्ट बहिणीच्या बाजूने होती. दार वाजायच्या आधीच बहिणीला पावलं ओळखू येतात. ती उघडते, तो अडकतो, आणि या वेळी ती थांबते. हवा तेवढा वेळ. मग म्हणते, मागच्या वेळी मी थांबायला हवं होतं, चूक माझी होती. एवढं सरळ तिने कारकुनाच्या जगातही कधी लिहिलं नव्हतं. डोक्यावर ओळ टाकली, ‘खारव्याच्या अंगणातून’, आणि पाठवून दिली.

कट्टा नुसता हलला. जे कधी दोन शब्द लिहीत नाहीत त्यांनी परिच्छेद लिहिले. दुसऱ्या दारावरून धुलाई झालेल्या माणसानेही डोळे पुसल्याचं कळवलं. बत्तिशी एकाच्याच उत्तराची वाट पाहत होती. साचे ओतताना, घासताना, दर पाच मिनिटांनी फोन. प्लास्टरच्या हातांनी धरून धरून तो पांढरा झाला.

नवव्या दिवशी खारव्याचा निरोप आला.

‘बत्तिशीताई, तुम्ही माझी गोष्ट पुढे नेलीत यावर विश्वास बसत नाही. मी एकतीस वर्षांची, लिफ्ट तपासायचं काम करते. मला भाऊ-बहीण कुणी नाही, म्हणून शेवट जमत नव्हता. पण खरं सांगते, त्या अंगठ्याचं श्रेय माझं नाही. कट्ट्यावर ‘अर्धा कप’ नावाने लिहिणारे एक जण आहेत, ते मी त्यांच्या अंगणातून आणलं. वर लिहिलंय.’

बत्तिशीने ते दोनदा वाचलं. मग वर लिहिलेलं वाचलं. होतं. पहिल्या दिवसापासून होतं.

तरी आशा चिवट असते. खारवा नाही तर अर्धा कप तो असेल. तिने अर्ध्या कपाची गोष्ट शोधली, सहा वर्षांपूर्वीची. त्या गृहस्थाने खाली खुलासाच दिला होता की मूळ गोष्टीत अडखळते ती मुलगी आणि अंगठा दाबतो तो तिचा भाऊ. पण मालिकेत मूठ आवळतो तो कारकून, तेव्हा अडखळणाराही तोच असायला हवा, म्हणून मी दोघांची अदलाबदल केली. डोक्यावर ओळ, ‘मुंगीच्या अंगणातून’. मुंगीची गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. तिच्यात ती अडखळणारी मुलगी कारकुनाची शेजारीण होती, आणि अंगठा जेवणाच्या टेबलाखालून दाबला जात होता. डोक्यावर ओळ होती, ‘बत्तिशीच्या अंगणातून’.

ती तिची सातवी गोष्ट होती, कट्ट्यावरच्या पहिल्या वर्षातली. वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. गोष्ट भलत्याच कुणाची, कप्तानाच्या शाळेची, आणि तिच्यात मधेच दोन ओळी. वर्गातली एक मुलगी अडखळते, तिचा भाऊ बाकाखालून तिचा अंगठा दाबतो, शब्द सुटतो. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तिने भाऊ-बहीण उलटे केले होते. ते इतकं बेमालूम जमलं की पुढे तिचं तिलाच आठवलं नाही. तीन अनोळखी माणसांनी ते हातोहात पुढे नेलं, आणि वाटेत एकाने नकळत सुलटं करून तिच्या दाराशी आणून ठेवलं.

बत्तिशी मशीन बंद करून बसून राहिली. पायरीवर कुणी आलंच नव्हतं. तिनेच दार वाजवलं होतं आणि तिनेच उघडलं होतं. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. मालक आत आले, पाहिलं, आणि पाय न वाजवता परत गेले.

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. कारकून, मूठ, अंगठा, दार, सगळं. ताईने मधे एकदाही टोकलं नाही.

“म्हणजे तो नव्हताच,” ताई म्हणाली.

“नव्हता. सगळी मीच.”

“तू माफी मागितलीस ती वाचली किती जणांनी?”

“असतील दीडदोनशे.”

“आणि ज्याची मागितली तो सोडून सगळ्यांनी वाचली.” ताई हे टोचून बोलली नाही, म्हणून ते जास्तच लागलं. “अगं, ब्याऐंशी गोष्टी लिहिल्यास. त्याला एक ओळ लिहवली नाही तुला? फोनवर तो अडकतो. कागदावर कुठे अडकतो? पत्ता देऊ का?”

“दे,” बत्तिशी म्हणाली. आणि मग हळूच, “तो काय म्हणेल गं?”

“मला काय विचारतेस? मी गोष्टी लिहीत नाही.”

रविवारी सकाळी ती कागद घेऊन बसली. पहिल्या कागदावर तिच्या नकळत भाऊ बोलायला लागला. ‘तू म्हणशील की झालं ते झालं.’ हात सवयीचा, त्याच्या तोंडात तिला हवे ते शब्द बसवून मोकळा. तिने कागद फाडला. दुसऱ्यावर तो रागावला, तेही तिनेच लिहिलेलं. तोही फाडला. वाक्यं बनवण्यात तिचा हात धरणारं कट्ट्यावर कुणी नव्हतं, आणि खरी चार वाक्यं लिहायला तिला दुपार झाली.

‘त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास आणि मी दार लावलं. चूक माझी. मला ते अजून ऐकायचं आहे. लिहून पाठवलंस तरी चालेल.’

पाकिटावर तिने पत्ता घातला, ताईकडून दोनदा तपासून घेतला आणि उन्हातच बाहेर पडली. पोस्टाच्या पेटीपाशी तिला सवयीने वाटलं, पुढचं काय होईल ते जरा मनात जुळवून बघावं. तिने खूप प्रयत्न केला. पुढचं एकही वाक्य तिला सुचलं नाही. ते त्याचं होतं. तिने पाकीट आत सोडलं.