मावशीच्या पोटातलं पाणी

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी अंडाशयाच्या कर्करोगावर काम करते. या आजारात बायकांच्या पोटात पाणी साचतं. ते आमच्याकडे बर्फात ठेवलेल्या छोट्या नळ्यांतून येतं. नळीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. त्या पाण्यात इंटरल्युकिन नावाची प्रथिनं किती आहेत ते मी मोजते.

गेल्या दिवाळीला बारामतीला घरी आले आणि लासुर्ण्याला मावशीकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. हात काटकुळे झालेले, पोट मात्र पुढं आलेलं. गॅसच्या गोळ्या चालू होत्या. अर्धी भाकरी बाजूला सारून ती म्हणाली, "दोन घासात पोट भरतंय बघ."

मावशीचे यजमान, आमचे काका, वैतागले, "खायाचं न्हाय, आन् मग ताकद न्हाय म्हणायचं!"

मला तिथं बसवेना. परसात गेले, परत आले, उगाचच फोन उघडला आणि बंद केला. मला जी शंका आली होती ती खोटी ठरावी म्हणून दुसरे आजार आठवत राहिले. एकही नीट बसेना. शेवटी म्हणाले, "मावशी, उद्या बारामतीला सोनोग्राफी करू."

शंका खरी निघाली, अंडाशयात गाठ होती. दवाखान्यात तिच्या पोटात सुई घालून पाणी काढायला घेतलं. पलंगाखालच्या बाटलीत ते पिवळसर पाणी भरत होतं. असं पाणी मी रोज हाताळते, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी खिडकीपाशी जायची, पुन्हा येऊन बाटली बघायची.

"बस की गं जरा," मावशी म्हणाली. "काय हाय त्या पाण्यात?"

मी सांगितलं, "जखम झाली की आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, मदतीला या म्हणून. प्रथिनांचे निरोप. ही गाठ तेच निरोप सारखे धाडते. त्यानं पाणी साचतं, गाठीला वाढायला बळ मिळतं, भूकही मरते."

काका खाली मान घालून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "मंजी ती मुद्दाम उपाशी राहत नव्हती."

"त्ये निरोप बंद करायचं औषध न्हाय व्हय?" मावशीनं विचारलं.

हाच प्रश्न आम्ही प्रयोगशाळेत एकमेकांना विचारतो. "तसली औषधं आहेत, दुसऱ्या आजारांत चालतात. या आजारात अजून पुरी पडलेली नाहीत. तुला केमो देतील, मग ऑपरेशन."

"मग तू हितं काय करतीस? जा की कामाला." मग बाटलीकडे बोट करून म्हणाली, "ह्येच पाणी घिऊन जा."

तसं नेता येत नाही, आधी रीतसर परवानगी लागते, हे मी तिला समजावलं. थोड्या वेळानं सिस्टरनं बाटली उचलून नेली. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

पुढचे महिने मी पुणे-बारामती करत राहिले. केमोनं तिचे केस गेले, तोंड आलं. पण पाणी पुन्हा साचलं नाही. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, राहिलेली केमोही तिनं सोसली. उन्हाळ्यात एकदा काकांनी फोन करून सांगितलं, "आज तिनं अख्खी भाकरी खाल्ली. वर ठेचा मागितला!" मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून रडले.

आता ती तपासणीला येते. आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आहेत. पण हा आजार परत येतो, हे मला ठाऊक आहे. किती जणींना येतो तेही मी वाचलेलं आहे. ते तिला सांगितलंय. ती म्हणते, "आला तर बघू." मला तसं म्हणता येत नाही. लासुर्ण्याचा फोन वाजला की हातातलं काम ठेवून मी बाहेर पळते. परवाही पळाले. तर तिला एवढंच विचारायचं होतं, की पुण्याहून येताना चांगल्या मोगऱ्याचं रोप आणशील का.