पहिलं पिल्लू मालकाचं

बुधी मावशीला कुठल्याही वस्तूची किंमत सांगितली की ती आधी त्या पैशांच्या शेळ्या करायची. हेडमास्तरांनी नवी मोटारसायकल घेतली, तर तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "बारा शेळ्या. आणि पिल्लं तर देत नाय."

मोखाड्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ती मुख्य स्वयंपाकीण, मी तिच्या हाताखाली. मी मंगळवेढ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याला इथं पहारेकऱ्याची नोकरी लागली म्हणून आले. पहिल्या दिवशी माझी नाचणीची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीनदा मोडली. मावशी म्हणाली, "ज्वारीचा हात हाय. वळंल हळूहळू." तेव्हापासून मी तिची सोलापूरवाली.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आम्हांला मूल नव्हतं. नाशिकला जाऊन टेस्ट ट्यूबचा उपचार केला. मंगळसूत्र सोडून सगळं सोनं त्यात गेलं, आणि पोटात राहिलं काहीच नाही. भाताच्या टोपाशी रडत होते, तर मावशीने विचारलं, "किती लागले?"

सांगितलं. बोटांवर मोजून ती म्हणाली, "अठरा शेळ्या! पोरी, आमच्या अख्ख्या पाड्यात एवढा कळप नाय."

दोन दिवसांनी तिच्या गावाहून, सूर्यमाळहून येताना तिने जीपमधून एक काळी शेळी आणली. जीपवाला शेळीचंही भाडं मागत होता. "ती माझ्या मांडीवर बसली, तुझी शीट कुठं अडवली?" म्हणून त्याला गप्प केलं आणि दोरी माझ्या हातात दिली. "वाट्यानं सांभाळ. पहिलं पिल्लू मालकाचं, दुसरं तुझं. आमची रीत हाय."

शेळी माझ्या खोलीमागे राहिली आणि दर खेपेला दोन-दोन पिल्लं देत सुटली. मला तिचा हेवा वाटायचा. "हिला कसं जमतं हो, मावशी?"

"तिला डॉक्टरचं बिल वाचता येत नाय, म्हणून."

दोन वर्षांनी पुन्हा नाशिक गाठलं. या वेळी नवऱ्याने कर्ज काढलं. रोज पोटात टोचायची इंजेक्शनं शाळेच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवायची. मावशी मुलांना दम द्यायची, "हात लावाल तर बोटं मोडीन. पोर हाय त्यात." पण डोस वाढला आणि पैसे अर्ध्यातच संपले. एक दिवस चुकला तर आधीचं सगळं वाया, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी मावशीला काही बोलले नव्हते, पण फ्रीजमधली इंजेक्शनं संपत आलेली तिला दिसली होती. बाजाराच्या दिवशी ती खोलीमागे आली, सहाच्या सहा शेळ्या सोडल्या आणि दुपारी नोटा माझ्या पदरात टाकल्या.

"मावशी, यात निम्म्याहून जास्त तुमच्या होत्या!"

"मग? रीत कुठं मोडलीय? पहिलं माझं, दुसरं तुझं."

मी हसले. मला दिवस गेले, आणि हसू आटलं. डॉक्टर म्हणाले होते, एकच आहे; म्हणजे पहिलं तेच. मावशीला मूलबाळ नव्हतं, आणि शब्दाची ती पक्की. तिने खरंच मागितलं तर? नऊ महिने मला हाच घोर. नवरा म्हणायचा, "अगं, वेडी का तू?" पण रीत काय असते ते त्याला काय ठाऊक!

मुलगी झाली. बाराव्या दिवशी मावशी आली, पोरीला मांडीवर घेऊन उलटसुलट नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हे माझं."

मी पदर घट्ट धरला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि इतकी हसली की पोर दचकून रडायला लागली. मग तिला माझ्या ओटीत ठेवत म्हणाली, "मला या वयात कुठं झेपतंय? तुझ्याकडंच वाट्यानं ठेवते. नीट राख. माझं हाय ते."

मागच्या वर्षी मावशी गेली. पोर आता चार वर्षांची आहे, शाळेच्या आवारात चरायला आलेल्या शेळ्यांमागे धावते. पडली, रडली, तापाने फणफणली की माझा जीव अजून उडतो. स्वतःच्या वस्तूत माणूस एखादे वेळी हयगय करेल. ही तर मावशीची.