चुकलं की अडव

आज मिशी चिकटवायच्या गोंदाची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर एका तेलुगू सिनेमाच्या मेकअपखोलीतली एक जुनी सकाळ आठवली. नांदेडहून आलेला मी तेव्हा नवाच मेकअपवाला होतो. पाच भाषांतल्या सिनेमांत गाजलेल्या एका मराठी नटांनी तेलुगू संवादांचा कागद माझ्यापुढं धरला. "वाचून दाखव रे."

वाटलं, गेली नोकरी. "सर, सातवीतच शाळा सुटली. तेलुगू इथल्या बेगम बाजारात हमाली करताना कानावर पडून आली. वाचता नाही येत."

"मग माझ्यासारखाच की! मी ऐकूनच पाठ केलंय. म्हणून दाखवतो, चुकलं की अडव."

मी भीतभीत अकरा वेळा अडवलं.

शॉट संपला, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि ते माझ्याकडे बघून विचारत होते, "जमलं का?" तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता कळतं, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.